चतुर्थीला ४२ दिवस

पहाटे ५:१५

पाऊस रात्रभर होता, अजून आहे. अण्णा दिवा लावत नाहीत. घरामागच्या मांगरात शिरतात आणि अंधारातच पहिल्या मूर्तीच्या कानाला हाताची मागची बाजू लावतात. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. ओली माती थंड लागते, सुकलेली लागत नाही. डोळ्यांच्या आधी हे हाताला कळतं.

कुडाळ तालुक्यातलं गाव. नाव छापू नको, असं अण्णांनी आधीच सांगितलंय. हा मांगर म्हणजे त्यांची गणपतीची शाळा. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, तीन बाजूंना फळ्यांच्या मांडण्या. आज बुधवार, १६ जुलै २०२५. गेल्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. यंदा २७ ऑगस्टला आहे, ११ दिवस आधी. हातात ४२ दिवस.

यंदा ४८ मूर्ती घेतल्यात. २२ सुकून, साफ होऊन रंगाची वाट बघताहेत. १६ सुकताहेत. ४ अर्ध्या आहेत. ६ पाटांना अजून माती लागलेली नाही.

चौदाव्या मूर्तीपाशी हात थांबतो. डावा कान सुकलाय, पोट ओलं आहे. पातळ भाग आधी सुकला की तो आक्रसतो, जाड भाग मागे राहतो आणि जोडावर भेग जाते. अण्णा कानावर ओला फडका ठेवतात. कानाने आता पोटासाठी थांबायचं.

छताला पंखा आहे. पावसाळ्यात तो लावत नाहीत. वारा एकाच अंगाला लागतो आणि माती एकाच अंगाने ओढली जाते.

सकाळी ६:००

माती कुटायची वेळ. पुतण्या येतो, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवसाला ४०० रुपये आणि दोन वेळचं जेवण.

माती दोन प्रकारची. एक घरची, खालच्या कुणग्यातली चिकणमाती. एप्रिलमध्ये खणली, उन्हात वाळवली, फोडली, चाळली, भिजवली. तेव्हापासून ती गोणपाटाखाली मुरते आहे. खणणाऱ्याची मजुरी आणि टेम्पोचं भाडं मिळून २,३०० रुपये गेले. दुसरा शाडू. तो गुजरातहून, भावनगरकडून येतो. ३५ किलोची गोणी इथे पोचेपर्यंत ४५० रुपये. अशा ७ गोण्या घेतल्यात. अंगाला घरची माती, चेहऱ्याला आणि बोटांना शाडू. शाडूचा कण बारीक, त्यावर कोरणीची रेघ स्वच्छ उमटते.

दगडावर मातीचा गोळा. पुतण्याच्या हातात लाकडी मोगर. तो मारतो, अण्णा गोळा वळवतात, चिमूटभर पिंजलेला कापूस टाकतात, घडी घालतात. तो पुन्हा मारतो. मोगर वर असताना हात आत, मोगर खाली येताना हात बाहेर. कुणी मोजत नाही, बोलतही नाही. नजर फक्त गोळ्यावर. अर्धा क्षण जरी मन दुसरीकडे गेलं तरी बोटं मोगराखाली येतील.

हे ४० मिनिटं चालतं. पुतण्याचा सदरा भिजतो, पावसाने नव्हे. शेवटी अण्णा तारेने गोळा मधोमध कापतात. कापलेल्या अंगावर बारीक छिद्रं दिसली तर आत हवा आहे. आज दोन दिसली. गोळा पुन्हा दगडावर जातो.

सकाळी ७:१५

पेज, आंब्याचं लोणचं, फणसाच्या आठळ्यांची भाजी. अण्णांच्या पत्नी, काकी, वाढतात. अण्णा पाटावर मांडी घालून बसतात तेव्हा उजवा गुडघा वाजतो. वय ६१. सोळाव्या वर्षापासून माती हातात आहे. वडिलांच्या वेळी मूर्तीचा मोबदला म्हणून घराघरातून भात यायचं.

वर्षातले चार महिने गणपती. बाकीचे आठ महिने अण्णा घरांना रंग काढतात. त्याची रोजी ८०० रुपये.

सकाळी ७:४५

आजची पहिली मूर्ती. बैठक कालच झाली आहे, फणसाच्या जुन्या पाटावर. रात्रभर ओल्या फडक्याखाली होती. अण्णा अंगठा दाबून बघतात. ठसा उमटतो, पण चिकटत नाही. आता वरचं वजन पेलेल.

साचा नाही. या शाळेत साचा कधीच आला नाही. साच्यातून दिवसाला दहा-बारा मूर्ती निघतात. इथे आधी मांड्या येतात. मातीची जाड वळी तळहाताखाली लाटायची, बैठकीवर ठेवायची, जोडावर दोन्ही अंगांनी कोरणीने ओरखडे काढायचे, पातळ माती लावायची, मग दाबायचं. हा दाब मोजायचं साधन नाही. कमी पडला तर जोड सुटतो, जास्त झाला तर बैठक पसरते.

मग पोट. मूठ मूठ माती. प्रत्येक मुठीनंतर अण्णा पाट अर्धा वळवतात आणि पाठीमागून बघतात. समोरून कमी, पाठीमागून जास्त. पाठ बरोबर असली की पुढचा भार आपोआप तोलला जातो, असा त्यांचा अनुभव.

फूटपट्टी खुंटीला आहे, ती काढत नाहीत. माप बोटांचं. शिल्पशास्त्रात १२ अंगुळं म्हणजे १ ताल, आणि ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी. अण्णांनी ते पुस्तकात वाचलेलं नाही. वडिलांनी हात धरून शिकवलं. आधी चेहऱ्याची लांबी ठरते, मग बाकीचं अंग त्या चेहऱ्याच्या हिशेबाने. ओली मूर्ती १४ इंची करतात, कारण सुकली की ती १३ च्या आसपास येते.

कोरण्या स्वतः केलेल्या. चिव्याच्या बांबूच्या सात, तारेच्या दोन. एक चिव्याची कोरणी वडिलांची. तिचं टोक झिजून अण्णांच्या करंगळीच्या नखाएवढं झालंय. चेहऱ्याला तीच लागते.

सकाळी ९:३०

छत्री मिटवत एक आजी पडवीत येतात. डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पाट.

"अण्णानू, पाट घेऊन इलंय."

"बस. च्या घे. नाव लिवलंस?"

"लिवलंय, मागच्या अंगाक."

पाट उलटा करतात. खडूने आजींचं आडनाव. त्याच्याखाली लोखंडाने कोरलेली जुनी दोन अक्षरं, त्यांच्या सासऱ्यांची. पाटाबरोबर विडा, नारळ आणि ११ रुपये. अण्णा पाट कपाळाला लावतात आणि मांडणीवर ठेवतात. ४८ च्या हिशेबात तो धरलेला आहे. पाट हीच ऑर्डर. पावती नाही, आगाऊ रक्कम नाही.

"कशी होयी?"

"गेल्या वर्सासारखीच. सोंड तशीच."

गेल्या वर्षीची मूर्ती पाण्यात जाऊन दहा महिने झाले. फोटो आजींनी आणलेला नाही, अण्णांनी मागितलेला नाही. ते मान हलवतात. सोंड त्यांच्या लक्षात आहे.

पूर्वी नागपंचमीला पाट द्यायचे. अण्णांना ते आठवतं. तेव्हा घरचे गणपती वीतभर असायचे, लवकर सुकायचे. आता बहुतेकांना फूटभर मूर्ती हवी. मूर्ती वाढली, पाट देण्याचा दिवस मात्र पुष्कळांनी तोच ठेवला.

सकाळी ११:००

आता सोंड. ही दुसरी मूर्ती, चार अर्ध्यांतली एक. अण्णा रेडिओ बंद करतात. पुतण्याला माती चाळायला बाहेर पाठवतात. मला दारापाशी, उजेड अडणार नाही असं बसायला सांगतात.

माडाच्या झावळीचा हीर. त्याभोवती ओला कापूस गुंडाळतात. माती सुकताना आक्रसेल, हीर आक्रसणार नाही. मधल्या कापसामुळे मातीला सरकायला जागा राहते. मग शाडूची वळी त्यावर, वर जाड, खाली बारीक होत जाणारी. कपाळाशी जोड. पहिला बाक डावीकडे. इथे एकदाच हात फिरवायचा असतो. दोनदा फिरवला तर माती थकते, असं अण्णा म्हणतात. तिच्यातलं पाणी बोटांना लागून वर येतं, पृष्ठभाग लिबलिबीत होतो, मग रेघ धरत नाही.

ते श्वास सोडतात, आणि सोडता सोडता बाक देतात. मी पाच वेळा पाहिलं, पाचही वेळा तसंच. श्वास आत असताना खांदा वर असतो, म्हणून हात बाहेरच्या श्वासावर चालतो. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

११:२० ला वीज जाते. अण्णांची मान वर होत नाही. दारातून येणारा पावसाचा राखी उजेड पुरतो. बल्बपेक्षा तो बरा, कारण त्यात सावली एकाच बाजूला पडते आणि उंचवटा खरा दिसतो.

सोंडेला ५५ मिनिटं. झाल्यावर ते दोन पावलं मागे जातात. बघतात. काही करत नाहीत. हे बघणंही कामातच धरलेलं आहे.

मी विचारतो, शहरात लोक मन शांत करायला मातीकाम शिकतात, ध्यान म्हणून करतात. तुमचं काय होतं आत?

"ध्यान म्हणजे काय ता माका ठावक नाय," अण्णा कोरणी पुसत म्हणतात. "माती दुसरीकडे बघूक देणा नाय. इतक्याच."

ध्यान हा शब्द आपण मन लावण्याला वापरतो, आणि मूर्तीच्या रूपालाही. या मांगरात सकाळपासून बसल्यावर मला त्या दोन अर्थांमध्ये अंतर दिसत नाही.

दुपारी १२:४५

भात, कुळथाची पिठी, सोलकढी. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद आहे, आणि शाळा सुरू असताना या घरात तसंही मासे शिजत नाहीत.

जेवण झाल्यावर अण्णा सुपारी कातरतात आणि मी हिशेब विचारतो. १४ इंची मूर्तीचे १,८०० रुपये. अण्णांच्या हाताचे त्यात दोन दिवस. एक घडवायला, अर्धा साफ करायला, अर्धा रंगाला. पुतण्याचा अर्धा दिवस, २०० रुपये. माती, रंग, वीज, कापूस मिळून ३५०. उरतात १,२५०. दोन दिवसांचे. दिवसाला ६२५.

भिंतीच्या रंगाची रोजी ८०० आहे, हे मी बोलत नाही. त्यांना माहीत आहे.

मग राहिलेले दिवस मोजतो. घडवायचे ६ आणि अर्धे ४, त्यांचे ८ दिवस. २६ मूर्ती साफ करायच्या, १३ दिवस. ४८ रंगवायच्या, २४ दिवस. एकूण ४५. हातात ४२. तीन दिवस कमी पडतात. ते रात्रीतून काढायचे. दरवर्षी तसंच काढतात.

पाटाखाली जुना पेपर अंथरलेला आहे, जूनमधला. त्यावर मातीच्या डागांमधून बातमी दिसते. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जूनला पीओपीच्या मूर्ती करायला मुभा दिली, पण त्या नदी-समुद्रात सोडता येणार नाहीत, असं सांगितलं. पीओपीत पाणी घातलं की तो काही मिनिटांत घट्ट होतो. शाडूच्या ढेकळात तेवढ्या वेळात पाणी पुरतं भिनतही नाही. अण्णा पेपर सरळ करतात आणि त्यावर दुसरा पाट ठेवतात.

दुपारी २:१०

वीज आली. मांडणीवरून फिरताना पुतण्या हाक मारतो. नववी मूर्ती. उजव्या खांद्याखाली भेग. केसाएवढी, दोन इंच लांब.

अण्णा तिला हात लावत नाहीत. स्टूल ओढून समोर बसतात. भेग कुठून निघाली, कुठे थांबली, बघतात. ती वरून पातळ माती लावून झाकता येते. रंगाखाली कुणाला दिसणार नाही. पण भेग आतून सुरू झालेली असते. पाटावरून उचलताना, नाहीतर आरतीच्या वेळी, मूर्तीचा हात सुटेल.

चिव्याची कोरणी घेऊन ते भेग रुंद करतात. इंचभर खोल खाच. आतली माती अजून ओलसर आहे, वरची सुकली आहे. दोष सापडला. दारातून आत येणारा वारा या फळीवर थेट लागतोय. आधी फळीपुढे गोणपाट बांधतात, मग मूर्तीकडे वळतात. खाचेत सोडलेलं पाणी टिपकागदात मुरावं तसं शोषलं जातं. पुन्हा पाणी. पुन्हा थांबायचं. नवी माती जरा कोरडी मळायची, म्हणजे ती कमी आक्रसेल. बारीक वळ्या करून एकेक दाबायची.

"घाई केलंस तर परत फुटतली," पुतण्याला सांगतात. रागावत नाहीत. पुतण्या बघत राहतो.

दीड तास गेला. या दीड तासाचे पैसे कुठल्याही मूर्तीत धरलेले नाहीत.

दुपारी ३:४५

अण्णा मला एक गोळा देतात, लिंबाएवढा. मोदक कर, म्हणतात.

तळहातावर फिरवतो. वर टोक काढतो. कळ्या पाडतो. माती बोटांना चिकटते, कळी तुटते. दुसरा करतो. तिसऱ्याच्या वेळी लक्षात येतं की मी पावसाचा आवाज ऐकणं सोडून दिलंय. चौथ्याला हात हलका होतो. पाचवा झाल्यावर घड्याळ बघतो, ३५ मिनिटं.

अण्णा पाचही बघतात. पाचवा उचलून आजच्या पहिल्या मूर्तीशेजारी ठेवतात. तो तिच्या हातात जाणार आहे. बाकीचे चार पुन्हा गोळ्यात मिसळतात. मातीत काहीच वाया जात नाही, जोवर ती भाजलेली नाही.

संध्याकाळी ५:००

फोन वाजतो. मुंबईहून एक चाकरमानी. दोन मूर्ती हव्यात, दीड फुटी, म्हणाल ती किंमत देतो.

अण्णा फोन खांदा आणि कानामध्ये धरतात, कारण दोन्ही हात मातीत आहेत. "आता जमाचा नाय, बाबा. सुकाची नाय." पलीकडून आणखी काही. "पैशाचा नाय रे. दिवस नाय." आणि शेवटी, "फुडल्या वर्सा पाट मे महिन्यात दी."

दोन दीड फुटी मूर्ती म्हणजे सहा-सात हजार रुपये. फोन ठेवून ते तिसऱ्या मूर्तीचे कान लावायला घेतात. डावा, उजवा. दोन्ही कानांची माती एकाच गोळ्यातून, एकाच वेळी कापलेली, म्हणजे दोन्ही सारखी आक्रसतील.

संध्याकाळी ६:३०

काकी तुळशीपाशी दिवा लावून आत येतात आणि कामाला बसतात. सुकलेल्या मूर्तींना ओल्या ब्रशने पुसून पांढऱ्या रंगाचा पहिला हात देणं त्यांचं काम. त्यांची रोजी हिशेबात नव्हती. मी विचारल्यावर अण्णा काकींकडे बघतात. "ती पण घाल," म्हणतात. घालायची कुठून, ते दोघंही सांगत नाहीत.

अण्णा एका मूर्तीचे डोळे कोरताहेत. रंगाने आखणी शेवटच्या आठवड्यात होईल, हे फक्त पापण्यांचे उंचवटे. वडिलांची कोरणी. वरची पापणी एका ओढीत. खालची त्याहून हलकी. उजवा डोळा झाल्यावर ते डावा लगेच करत नाहीत. हात धुतात, पुसतात, बसतात. मग डावा.

मांगरात तीन माणसं आहेत आणि पावसाशिवाय आवाज नाही.

रात्री ८:४५

झाकाझाक. कान आणि बोटांवर ओला फडका, पोट उघडं. अर्ध्या मूर्तींवर फडका आणि वरून प्लास्टिक. भेग बुजवलेल्या मूर्तीवर वेगळा फडका, चार पदरी. कोरण्या धुऊन, पुसून, उभ्या डब्यात. दगडावरची माती खरवडून पुन्हा गोणपाटाखाली.

पुतण्याला ४०० रुपये. तो मोजत नाही, खिशात घालतो.

अण्णा हातांना खोबरेल चोळतात. पेरांपाशी कातडी फुटली आहे, रेघांमध्ये पांढरी माती बसली आहे. ती दिवाळीपर्यंत निघत नाही.

दिवसभरात तीन मूर्ती पुढे सरकल्या. एक पोटापर्यंत, एकीची सोंड झाली, एकीचे कान. एक भेग भरली, एका मूर्तीच्या पापण्या कोरल्या. पूर्ण एकही झाली नाही.

रात्री ९:१५

पाऊस वाढलाय. सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि हे सगळं काम त्याच पावसात सुकवायचं असतं. आज कोरलेल्या पापण्या चतुर्थीला घरात येतील आणि कुणाकडे दीड दिवसांनी, कुणाकडे पाच किंवा सात दिवसांनी व्हाळात विरघळतील. रिकाम्या पाटावर तिथलीच मूठभर माती ठेवून लोक घरी परततील. पाट माळ्यावर जाईल.

तुमच्या घरी हाताने घडवलेली मातीची मूर्ती येत असेल, तर एवढं करा. पाट माळ्यावरून लवकर काढा. नागपंचमीची वाट बघू नका. २०२५ मध्ये ती २९ जुलैला होती, तिथून चतुर्थीला २९ दिवस राहत होते. फूटभर मूर्ती पावसाळ्यात सुकायलाच २० ते २५ दिवस घेते. किमतीत घासाघीस केली नाहीत तर बरंच आहे. पण मूर्तिकाराला त्याहून जास्त गरज दिवसांची आहे. पाट मे महिन्यात नेऊन द्या.